करडी साडी हिरवी होती की लाल?

वाचक विचारतात

जुन्या चित्रपटांच्या जतनावर गेल्या अंकात लेख आला आणि पत्रांचा गठ्ठा पडला. त्यातली बरीचशी पत्रं जतनाबद्दल नव्हतीच, कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग देण्याबद्दल होती. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. एका उत्तराने फार जागा खाल्ली आहे. ज्यांना स्वतः हा उद्योग करायचा नाही, त्यांनी ते खुशाल ओलांडून पुढे जावं.

पडद्यावर साडी करडी दिसते. ती मुळात हिरवी होती की लाल, हे संगणकाला कळतं कसं? — एक वाचक, सातारा

कळत नाही. कृष्णधवल फिल्मवरचे चांदीचे कण एकच गोष्ट नोंदवतात, ती म्हणजे त्या जागी किती उजेड पडला. मध्यम हिरवी, मध्यम लाल आणि मध्यम निळी अशा तिन्ही साड्या एकाच करड्या छटेत उतरू शकतात, आणि तिथून मागे फिरायला वाट नाही. संगणक एक तर माणसाने सांगितलेला रंग भरतो, नाही तर लाखो रंगीत छायाचित्रांवरून अशा आकाराच्या आणि पोताच्या वस्तूचा रंग बहुधा काय असतो याचा अंदाज बांधतो. करडी छटा रंग सांगत नसली तरी काही रंग नाकारते, एवढाच काय तो आधार. गडद करडी वस्तू लिंबासारखी पिवळी असणार नाही. ‘मुघल-ए-आझम’च्या रंगकामासाठी जे सॉफ्टवेअर तयार केलं, तेही याच तत्त्वावर चालायचं: करड्या छटेशी न जुळणारा रंग ते घेतच नसे.

फिल्म कोणती वापरली, हेही पाहावं लागतं. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास चालणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. तिच्यावर लाल ओठ काळे उमटतात आणि निळं आकाश पांढरं. पुढच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात. मूकपटातल्या काळ्या दिसणाऱ्या शालूला काळा म्हणून सोडून दिलं, तर तो मुळात लालभडक असण्याची शक्यता तुम्ही पुसून टाकली.

मग रंग ठरवायचा कशावरून? टिकून राहिलेले कपडे, सेटवरची रंगीत छायाचित्रं आणि त्या काळची चालरीत यांवरून. भित्तिपत्रकांवर (पोस्टरवर) विसंबू नका, ती रंगवणारा कलाकार स्वतःच्या मर्जीने रंग टाकी. चालरीत किती उपयोगी पडते याचं मराठी उदाहरण द्यायचं तर आलवणाचं. जुन्या काळातल्या घरात केशवपन केलेली विधवा बाई गडद करड्या वस्त्रात दिसली, की यंत्र तिला निळं नाही तर काळं लुगडं नेसवतं. मराठी माणसाला ठाऊक असतं की ते तांबडं आलवण आहे.

शिवाय सेटवरचा खरा रंग लावला की चित्र खरं होतं, असंही नाही. पांढरं कापड दिव्यांखाली फार चकाकतं, म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून किंवा फिकट रंगवून वापरत. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. खऱ्या रंगाचा हट्ट धरला तर तिथे रक्त चॉकलेटी करावं लागेल!

रंगीत आवृत्ती टीव्हीवर लावून रंग शून्यावर नेला, तर मूळ चित्रपट परत मिळतो ना? — एक वाचक, डोंबिवली

तत्त्वतः हो, व्यवहारात क्वचितच. रंगकाम करताना चित्राचे दोन भाग मानतात. उजेडाचा भाग म्हणजे ल्युमा, रंगाचा भाग म्हणजे क्रोमा. ल्युमाला हात न लावता फक्त क्रोमा चढवला असेल, तर रंग बंद करताच मूळ चित्र उरतं. पण ल्युमाला हात लावण्याचा मोह आवरत नाही, आणि त्याला कारणही आहे. पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या भागात रंगाला जागाच नसते. पांढराफटक जळालेल्या आकाशाला निळं करायचं तर आधी ते थोडं काळवंडावं लागतं. सावल्या उचलल्या जातात, कॉन्ट्रास्ट उतरवला जातो, फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रभर दिसणारी बारीक रवाळ कणी, पुसला जातो.

चौकट आणि लांबी यांवरही गदा येते. १.३७:१ या जुन्या प्रमाणातलं चित्र २.३५:१ च्या रुंद पडद्यावर पूर्ण रुंदीने भरायचं म्हटलं, तर उंचीचा ५८ टक्के भाग उरतो आणि ४२ टक्के कापला जातो. कपाळ तरी जातं, नाही तर पाय तरी. १९६१ चा ‘हम दोनों’ २०११ मध्ये रंगीत होऊन आला तो सिनेमास्कोपमध्येच, म्हणजे अशाच रुंद चौकटीत. ‘मुघल-ए-आझम’ १९७ मिनिटांचा होता, त्याची रंगीत आवृत्ती १७७ मिनिटांची आहे. ही २० मिनिटं कोणत्याही बटणाने परत येत नाहीत.

आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाला १९५० च्या दशकातल्या एका मराठी चित्रपटातला चार मिनिटांचा प्रसंग रंगवून दाखवायचा आहे. डीव्हीडी आहे, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक आहे. सुरुवात कुठून करावी? — चित्रपट मंडळाचे विद्यार्थी, नाशिक

रंगापासून करू नका. आधी डीव्हीडी तपासा. एखादा हात वेगाने हलतो तो शॉट काढून एकेक फ्रेम पुढे सरका. हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले तर चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे एकाच फ्रेममध्ये दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या आहेत. त्या सोडवणं म्हणजे डीइंटरलेस करणं. दाते नसतील तर उगाच डीइंटरलेस करू नका, त्यात उभा तपशील हकनाक जातो. ७२० गुणिले ५७६ ची, सेकंदाला २५ फ्रेमची डीव्हीडी असेल तर चार मिनिटांच्या ६,००० फ्रेम होतात. ७२० गुणिले ४८० ची असेल तर बहुधा दर पाच फ्रेममागे दोन दातेरी निघतील. तिथे डीइंटरलेस नव्हे, तर इन्व्हर्स टेलिसिने करायचं म्हणजे मूळच्या सेकंदाला २४ फ्रेम परत मिळतात आणि काम ५,७६० फ्रेमवर येतं. एकाच फ्रेममध्ये दोन चित्रं भुतासारखी मिसळलेली दिसली, तर ती डीव्हीडी बाजूला ठेवून दुसरी प्रत शोधा. त्या मिश्रणावर कुठलाही रंग बसत नाही.

आता सगळ्या फ्रेम १६ बिटच्या टिफ फायलींत काढा. एक फ्रेम अडीच एमबीची, म्हणजे ६,००० फ्रेमना १५ जीबी. आणि त्यांच्या दोन प्रती करा. पहिली उजेडाची प्रत, तिच्यावरचे ओरखडे आणि धूळ हलक्या हाताने काढा, दाणा मात्र राहू द्या. दुसरी रंगाची प्रत, तिच्यातला दाणा कठोरपणे पुसा आणि उजेडाची थरथरही काढून टाका. ही प्रत डोळ्यांना मेणचट दिसेल. दिसू द्या, कारण ती प्रेक्षकाला दाखवायची नाही. तिच्यावरून फक्त रंग काढायचा आणि उजेडाच्या प्रतीवर चढवायचा. ही एक शिस्त पाळली नाही तर पुढचं सगळं फुकट जातं, कारण दाणा दर फ्रेमला बदलतो आणि रंग त्या दाण्यामागे धावत सुटतो. दाविंची रिझॉल्व्ह या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत दाणा काढायची आणि थरथर घालवायची साधनं नाहीत, त्यासाठी अ‍ॅव्हिसिंथ किंवा व्हेपरसिंथ वापरा.

मग शॉट वेगळे करा. रिझॉल्व्ह शॉटच्या हद्दी आपोआप शोधतो, पण वीज चमकली की त्याला तो कट वाटतो आणि डिझॉल्व्ह (एक शॉट विरघळत दुसरा उमटतो ती जागा) तर अनेकदा निसटतो. त्या यादीवरून एकदा डोळ्यांनी फिरा. डिझॉल्व्हमधले दोन शॉट स्वतंत्र रंगवून, मूळ चित्र ज्या गतीने विरघळतं त्याच गतीने एकाचा रंग दुसऱ्यात मिसळायचा. तिथे घाई केली तर जाणाऱ्या नायकाचा फेटा येणाऱ्या झाडावर चढतो.

ब्रश हातात घेण्याआधी रंगांचा तक्ता करा. साडी, काठ, पोलकं, भिंत, दार, पितळी समई, प्रत्येक पात्राची कांती, सगळ्यांचे आकडे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. तिघे जण काम करणार असाल तर हा कागद नसल्यास तिसऱ्या शॉटमधली हिरवी साडी सतराव्यात मोरपिशी होते.

शॉट सरासरी सहा सेकंदांचा धरला तर चार मिनिटांत ४० शॉट. प्रत्येकाला दोन-तीन की-फ्रेम (हाताने रंगवायच्या फ्रेम), म्हणजे साधारण १००. एका की-फ्रेमला अर्धा ते पाऊण तास लागतो, म्हणजे नुसतं रंगवणं ५० ते ७५ तासांचं. स्नेहसंमेलन पुढच्या आठवड्यात असेल तर प्रसंग एका मिनिटाचा निवडा. की-फ्रेम म्हणून शॉटची पहिली फ्रेम डोळे झाकून घेऊ नका. जिथे सर्वांत जास्त वस्तू दिसतात ती घ्या. कुणी मान वळवली, दारातून आत आलं, पदर डोक्यावर घेतला, की तिथे नवी की-फ्रेम.

रंगवायला क्रिता किंवा जिंप पुरेसं आहे. खाली करडं चित्र, वर प्रत्येक वस्तूचा वेगळा लेयर आणि लेयरची मिसळण्याची पद्धत ‘कलर’, म्हणजे उजेड खालचाच राहतो. मास्कची, म्हणजे वस्तूभोवती आखलेल्या आकाराची, कड दीड-दोन पिक्सेल मऊ ठेवा. कांतीसाठी रंगकोन (ह्यू) १८ ते २८ अंश आणि संपृक्तता (सॅच्युरेशन) ४० ते ५५ टक्के इथून सुरुवात करा. पण चेहरा एकाच रंगाने सारवू नका, चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा होतो तो त्यामुळेच. कान, नाक आणि गाल थोडे तांबूस, हनुवटीखालची सावली कमी संपृक्त, तळहात फिकट. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर आणि दातांवर कांतीचा रंग सांडू देऊ नका. केस ठार काळे नसतात, उजेड पडतो तिथे किंचित तपकिरी झाक द्या. सोन्याचा दागिना सबंध पिवळा केला की पितळेचा वाटतो. त्याची चकाकी पांढरीच ठेवून मधल्या छटांत पिवळा भरायचा. धोतरही शुद्ध पांढरं नको, कणभर ऊब हवी.

रंगवलेल्या की-फ्रेमवरून मधल्या फ्रेमवर रंग पसरवायला एबसिंथ हे साधन चांगलं आहे. ते हालचालीचा माग काढत रंग पुढे नेतं. चुका ठरावीक जागी होतात: उडणारे केस, जाळीचा पडदा, धूर, पाऊस, आरसा आणि एका हातामागून जाणारा दुसरा हात. अशा ठिकाणी आणखी एक की-फ्रेम टाकण्यावाचून उपाय नाही. शेवटी आलेलं रंगीत चित्र रिझॉल्व्हमध्ये उजेडाच्या प्रतीवर ‘कलर’ पद्धतीने ठेवा आणि फक्त त्या वरच्या थराला दोन-तीन पिक्सेलचा ब्लर द्या. डोळ्याला रंगाच्या कडा उजेडाच्या कडांइतक्या बारकाईने दिसत नाहीत, त्यामुळे चित्र धूसर होत नाही आणि मास्कच्या लहानसहान चुका झाकल्या जातात.

एक बटण दाबून रंग देणारं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. साडीचा रंग क्षणाक्षणाला बदलतो, हात मधूनच करडे होतात आणि कुंकवाला तर रंगच येत नाही. आमचं काय चुकतंय? — एक वाचक, मडगाव

तुमचं फारसं काही चुकत नाही. अशी बहुतेक साधनं एका वेळी एकच फ्रेम पाहतात. मागच्या फ्रेममध्ये साडीला काय रंग दिला होता, हे त्यांच्या गावीही नसतं. दाणा हलला, उजेड थरथरला की यंत्राच्या दृष्टीने ते नवं चित्र. थरथर आधी काढली तर त्रास कमी होतो, जात नाही.

कुंकवाचं कारण वेगळं आहे. जेसन अँटिक यांनी २०१८ मध्ये खुलं केलेलं डीओल्डिफाय हे असंच एक साधन घ्या. त्यात रेंडर फॅक्टर नावाचा आकडा असतो. त्याला १६ ने गुणलं की रंगाचा हिशेब किती पिक्सेलच्या चौकोनात होतो ते कळतं. २१ ठेवला तर ३३६ पिक्सेल. अख्खं चित्र त्या चौकोनात बसवून रंग ठरतो आणि मग ताणून मूळ उजेडावर पसरला जातो. कपाळावरचं कुंकू त्या चौकोनात दोन-तीन पिक्सेलचं उरतं, आणि ते कांतीत विरून जातं. नथीतला लाल खडा, हातातला हिरवा चुडा, साडीचा बारीक काठ यांची गतही तीच. आकडा ३५ पर्यंत वाढवला तर बारकावा थोडा येतो, पण रंग फिके पडतात. आकडा मध्यम ठेवून कुंकू हाताने लावणं सोपं.

फिक्या तपकिरी-निळसर रंगांबद्दलही अनेकांनी विचारलं आहे. साडी लाल, हिरवी, पिवळी कोणतीही असू शकते. अशा वेळी कमीत कमी चूक व्हावी म्हणून यंत्र सगळ्यांच्या मधला मचूळ रंग निवडतं. त्यात ज्या छायाचित्रांवर त्याला शिकवलं त्यांत नऊवारी, फेटे, इरकली लुगडी कितीशी असणार?

‘मुघल-ए-आझम’चे रंग पटले, इतर रंगीत केलेले चित्रपट तितके का पटत नाहीत? — एक वाचक, इंदूर

त्याला पुरावा हाताशी होता. १९६० च्या मूळ चित्रपटातच शीशमहालातलं गाणं आणि शेवटचा भाग रंगीत चित्रित झालेला होता. त्यामुळे त्याच पात्रांची कांती, दागिने आणि दरबारी वस्त्रं कोणत्या रंगाची, हे समोर दिसत होतं. वेळही भरपूर दिला: सॉफ्टवेअर घडवायला १८ महिने आणि प्रत्यक्ष रंगकामाला १० महिने. १९७ मिनिटं म्हणजे २,८३,६८० फ्रेम. १२ नोव्हेंबर २००४ ला तो पुन्हा पडद्यावर आला. पाठोपाठ १९५७ चा ‘नया दौर’ २००७ मध्ये आणि १९५७ चाच तेलुगू ‘मायाबजार’ २०१० मध्ये रंगीत झाले.

आमच्या मते दुसरं कारण जास्त वजनदार आहे. दरबारी वैभवाला रंग हवाच असतो, आणि मूळ निर्मात्यांनाही तो हवा होता. उलट ज्या चित्रपटात छायालेखकाने माणसाला पार्श्वभूमीपासून फक्त उजेडाने वेगळं काढलं आहे, निम्मा चेहरा सावलीत ठेवला आहे, तिथे रंग आला की दोन गोष्टी एकच काम करू लागतात आणि चित्र गजबजतं. ‘प्रभात’ने १९३३ मध्येच ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला होता, प्रतींचं काम जर्मनीत झालं, रंग मनासारखे आले नाहीत. म्हणजे त्यांना रंगाचं वावडं नव्हतं. तरी ‘संत तुकाराम’ला (१९३६) रंग द्यावा असं आम्हाला वाटत नाही. त्याची प्रकाशयोजना करड्या छटांचा विचार करून केलेली आहे.

दिग्दर्शक हयात नसताना त्याच्या चित्रपटाला रंग फासायचा अधिकार कुणी दिला? आणि आम्ही एखादा जुना मराठी चित्रपट रंगवून इंटरनेटवर टाकला तर चालेल का? — दोन वाचक, पुणे आणि बेळगाव

पहिल्या प्रश्नावर अमेरिकेत १९८० च्या दशकात मोठं रण माजलं. टीव्ही उद्योजक टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएम या स्टुडिओचा चित्रपटसंग्रह घेतला आणि रंगकाम सुरू केलं. १९८८ मध्ये ‘कॅसाब्लँका’ रंगीत झाला. ‘सिटिझन केन’ वाचला तो दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या जुन्या करारामुळे, त्यात चित्रपटावरचा ताबा त्यांच्याकडे राहिला होता. १९८८ च्या कायद्याने तिथे राष्ट्रीय चित्रपट नोंदणी सुरू झाली आणि त्यातल्या चित्रपटात बदल केला असेल तर तसं प्रेक्षकाला सांगणं बंधनकारक झालं. फ्रान्समध्ये दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्या वारसांनी ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’च्या रंगीत आवृत्तीविरुद्ध दावा लावला आणि १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. आपल्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५७ खाली कृतीची मोडतोड झाल्यास कर्त्याला दाद मागता येते. गोम अशी, की चित्रपटाचा कर्ता म्हणजे कायद्याच्या लेखी निर्माता, दिग्दर्शक नव्हे.

बेळगावच्या वाचकांसाठी: भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. ‘श्यामची आई’ १९५३ चा, त्याची मुदत २०१३ अखेर संपली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकाची मुदत २०१० अखेर संपली. पण आचार्य अत्रे गेले १९६९ मध्ये, म्हणजे त्यांच्या लेखनाचे हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. संगीतकार वसंत देसाई यांचं निधन १९७५ मधलं, त्यांच्या चालींचे हक्क २०३५ अखेरपर्यंत. तेव्हा चित्र मोकळं झालं म्हणजे गाणं मोकळं झालं, असं समजू नका. इंटरनेटवर हरकत बहुधा आवाज ओळखूनच येते.

घरी १६ मिमीचं जुनं कृष्णधवल रीळ आहे, डब्यातून आंबट वास येतो. रंगवून घ्यायचं आहे. प्रोजेक्टरवर चालवून मोबाइलने टिपलं तर? — एक वाचक, चिपळूण

प्रोजेक्टरवर मुळीच चढवू नका. आंबट वास म्हणजे अ‍ॅसिटेटची फिल्म कुजू लागली आहे. ती आक्रसते, छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि रीळ फाटतं. १६ मिमी असल्याने निदान सहज पेटणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या आगीची भीती नाही. डबा बंद करून ठेवू नका, वाफ आतच कोंडून कुजणं वाढतं. रीळ बाकीच्या रिळांपासून वेगळं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि दातेरी चाकं न वापरणाऱ्या स्कॅनरवर लवकर स्कॅन करून घ्या. कुणी अवरक्त किरणांनी आपोआप धूळ काढून देतो म्हणाला तर नको म्हणा. ती युक्ती रंगीत फिल्मसाठी आहे, कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं. ओरखडे फार असतील तर वेट गेट, म्हणजे द्रवातून नेऊन केलेलं स्कॅनिंग मागा. आणि स्कॅन करणाऱ्याला मूळ वेग तपासायला सांगा, घरगुती रिळं सेकंदाला १६ किंवा १८ फ्रेमचीही असतात. रंगाचं त्यानंतर बघू.